पेशींचा नाका आणि आत्याचा प्रश्न

(आपल्या मंडळाच्या अल मन्सूरा येथील घरगुती बैठकीत यंदा केलेलं हे भाषण. दिवाळी अंकासाठी लिहून काढताना थोडं नीटनेटकं केलं आहे, बोलण्याचा बाज मात्र तसाच ठेवला आहे.)



सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. मी डॉक्टर नाही. मी कॉम्प्युटर इंजिनिअर, व्यवसायाने आयटी कन्सल्टंट. या खोलीत बसलेल्या निम्म्या लोकांचे लॅपटॉप मी कधी ना कधी दुरुस्त केले आहेत आणि उरलेल्या निम्म्यांचे बिघडवले आहेत! त्यामुळे 'पेशींचं विभाजन' असा विषय मी कळवला तेव्हा आपल्या कार्यकारिणीच्या चेहऱ्यावर जे प्रश्नचिन्ह उमटलं ते अगदी रास्त होतं. "अरे, त्यापेक्षा एआयवर बोल की," असंही एकाने सुचवून पाहिलं.

पण हाच विषय घ्यायला माझ्याकडे दोन कारणं आहेत. एक वीस वर्षांपूर्वीचं आणि एक दोन वर्षांपूर्वीचं. दोन्ही सांगणार आहे, पण नंतर. आधी शाळेत शिकून विसरलेल्या जीवशास्त्राची थोडी उजळणी करू. लहान मुलं आतल्या खोलीत खेळताहेत, ते बरंच आहे. मोठ्या मुलामुलींनी मात्र इथेच बसावं, त्यांच्याही कामाचं आहे.

दहा हजार पुस्तकं, एका शिफ्टमध्ये

मघाशी कोशिंबिरीची काकडी चिरताना एका वहिनींचं बोट कापलं. हळद लावली, पट्टी बांधली, झालं. आठवडाभरात जखम भरेल आणि आपण विसरून जाऊ. पण भरेल म्हणजे नक्की काय होईल? जखमेच्या कडेच्या पेशी एकाच्या दोन, दोनाच्या चार होत जातील आणि ती फट बुजवतील. आणि महत्त्वाचं म्हणजे, फट बुजली की थांबतील! बोटाला दुसरं बोट फुटणार नाही. सुरू कधी व्हायचं आणि थांबायचं कधी, या दोन्ही गोष्टी पेशीला कळतात. आजचं सगळं भाषण या 'थांबण्या'वर आहे.

आपल्या शरीरात अंदाजे ३० लाख कोटी पेशी आहेत. त्यातल्या कित्येक रोज मरतात आणि त्यांची जागा नव्या पेशी घेतात. आतड्याचं आतलं अस्तर चार-पाच दिवसांत बदलतं. तांबड्या रक्तपेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून हाडांमधला मगज दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या रक्तपेशी तयार करत असतो. मी हे वाक्य बोलेपर्यंत एक कोटीचा माल तयार झालासुद्धा!

प्रत्येक पेशीच्या केंद्रात ४६ गुणसूत्रं असतात, २३ आईकडून आणि २३ वडिलांकडून. या गुणसूत्रांमध्ये डीएनएचा जो धागा गुंडाळलेला असतो तो सरळ केला तर जवळजवळ दोन मीटर भरतो. त्यावर चार अक्षरांच्या लिपीत साधारण ६०० कोटी अक्षरं लिहिलेली आहेत. आकडा डोळ्यांसमोर येत नाही ना? मलाही आला नव्हता. मग हिशेब केला. एका पानावर २००० अक्षरं आणि पुस्तकाची ३०० पानं धरली, तर ही दहा हजार पुस्तकं झाली. पेशीला दोन व्हायचं असेल, तर आधी ही दहा हजार पुस्तकं अक्षरन् अक्षर उतरवून काढावी लागतात. आपल्या पेशींना त्यासाठी साधारण आठ तास लागतात. म्हणजे एक शिफ्ट!

नक्कल तयार झाली की पेशी गुणसूत्रांच्या जोड्या मधोमध एका ओळीत आणून उभ्या करते. दोन्ही टोकांकडून सूक्ष्म तंतू येतात, प्रत्येक जोडीला दोन्ही बाजूंनी धरतात आणि ओढतात. एक प्रत या घरात, एक त्या घरात. मग मधे भिंत आणि झाल्या दोन पेशी. वाल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने सॅलमँडर नावाच्या पालीसारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या पिल्लांच्या पेशींमध्ये हे सगळं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि १८८२ साली त्याच्या चित्रांसकट पुस्तक लिहिलं. दीडशे वर्षांपूर्वी हाताने काढलेली ती चित्रं आजही बरोबर आहेत. आमचा पाच वर्षांपूर्वीचा कोड आज चालत नाही!

नाके

आता माझ्या धंद्यातला प्रश्न. इतकी नक्कल करायची तर चुका होणारच. त्यांचं काय?

चुका होतात. पण नक्कल करणारं यंत्रच उतरवता उतरवता मागे वळून तपासतं आणि चुकलेलं अक्षर खोडून नवं घालतं. त्यातून सुटलेल्या चुका शोधायला मागून दुसरी टोळी फिरते. शेवटी साधारण १०० कोटी अक्षरांमागे एखादी चूक उरते, कधी तीही नाही. हा दर्जा आमच्या धंद्यात कोणी दिला तर मी त्याला साष्टांग नमस्कार घालीन.

एवढ्यावरही पेशी समाधानी नसते. तिच्या वाटेवर नाके आहेत. पूर्वी गावाच्या वेशीवर जकात नाका असायचा ना, कागद दाखवल्याशिवाय गाडी पुढे सुटायची नाही, तसेच. पहिला नाका नक्कल सुरू करण्याआधी: खरंच विभाजनाची गरज आहे का? डीएनए धड आहे का? दुसरा नाका नक्कल झाल्यावर: सगळं उतरवून झालं का? काही तुटलं-फुटलं नाही ना? तिसरा नाका ऐन ओढाओढीच्या वेळी: प्रत्येक गुणसूत्राला दोन्हीकडून तंतू लागले आहेत ना? एक जरी सुटं राहिलं असेल तरी सगळं थांबतं. ही व्यवस्था आणि ती चालवणारी प्रथिनं शोधून काढल्याबद्दल लेलँड हार्टवेल, टिम हंट आणि पॉल नर्स यांना २००१ सालचं वैद्यकाचं नोबेल मिळालं. त्यातल्या दोघांनी काम केलं होतं यीस्टवर. हो, आपण नान फुगवायला वापरतो त्या जातकुळीतल्याच यीस्टवर!

या नाक्यांवरचा सगळ्यात मोठा फौजदार म्हणजे पी-५३ नावाचं प्रथिन. डीएनएला इजा झाली की हा पेशीला थांबवतो. दुरुस्ती होण्यासारखी असेल तर वेळ देतो. नसेल तर पेशीला सरळ आत्मनाशाचा हुकूम सोडतो आणि ती पेशी निमूटपणे स्वतःला संपवते. शरीरासाठी एका पेशीने केलेला हा त्याग रोज आपल्या आत चाललेला असतो, आपल्याला पत्ताही नसतो.

गंमत म्हणून सांगतो. हत्तीच्या अंगात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पेशी असतात, तो जगतोही भरपूर. मग हत्तींना कॅन्सर आपल्यापेक्षा जास्त व्हायला हवा. तो उलट कमी होतो. २०१५ साली शास्त्रज्ञांना दिसलं की आपल्याकडे पी-५३ चं एक जनुक असतं, तर हत्तीकडे त्याच्या वीस प्रती असतात. गणपतीबाप्पाने स्वतःच्या सिक्युरिटीची सोय चांगलीच करून ठेवली आहे!

नाका बंद पडतो तेव्हा

आता चूक होते तेव्हा काय होतं ते पाहू. कॅन्सर म्हणजे बाहेरून आलेला राक्षस, अशी आपली समजूत असते. 'कॅन्सरने गाठलं' असंच आपण म्हणतो. खरं तर ती आपलीच पेशी असते, जिला थांबायचं कसं हे आठवत नाही.

आणि हे एका चुकीने होत नाही. एका चुकीने पेशी जरा जास्त वेगाने विभागते. पण विभागताना ती चूक लेकींना आणि नातींना वारशाने देते. त्या लाखो लेकींपैकी एखादीत दुसरी चूक होते, म्हणजे एक नाका बंद पडतो. मग तिच्या वंशात तिसरी. एकामागून एक नाके बंद पडत जातात आणि मग कधीतरी ती वसाहत आपली हद्द सोडून शेजारी शिरते. जवळजवळ निम्म्या कॅन्सरमध्ये पी-५३ हाच फौजदार बिघडलेला सापडतो. वय वाढतं तसा कॅन्सर वाढतो, तो यामुळेच. चुका साठायला वर्षं लागतात.

ही 'वर्षं लागतात' गोष्ट कृपया लक्षात ठेवा. आज घरी जाताना बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

एका कॅन्सरच्या बाबतीत ही वर्षं अगदी मोजता येतात. तो म्हणजे गर्भाशयमुखाचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. जवळजवळ प्रत्येक वेळी त्याच्या मुळाशी एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. हेराल्ड झुर हाउजेन या जर्मन शास्त्रज्ञाने हे दाखवून दिलं आणि त्यांना २००८ साली नोबेल मिळालं. या विषाणूचे प्रकार पुष्कळ आहेत, पण १६ आणि १८ क्रमांकाचे दोनच प्रकार मिळून सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला जबाबदार आहेत.

हा विषाणू करतो काय? त्याच्याकडे स्वतःची नक्कल करायचं यंत्र नसतं, म्हणून त्याला पेशीचं यंत्र चालू ठेवायचं असतं. त्यासाठी तो दोन प्रथिनं बनवतो, ई-६ आणि ई-७. ई-६ हे पी-५३ ला पकडून त्याचा नायनाट करवतं. ई-७ हे पहिल्या नाक्यावरच्या आरबी नावाच्या दुसऱ्या पहारेकऱ्याला निकामी करतं. म्हणजे चुका साठून नाके बंद पडायची वाटही पाहायला नको. चोर आधी पोलिसांनाच बांधून ठेवतो!

आता एक नाजूक गोष्ट, पण स्पष्ट बोलायला हवी. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. लगेच कोणी कोणाकडे संशयाने बघू नका! तो इतका सर्रास आहे की आयुष्यात कधी ना कधी तो बहुतेक सगळ्या स्त्री-पुरुषांना होऊन जातो. सरळमार्गी संसार करणाऱ्यांनाही. बहुतेकांचं शरीर एक-दोन वर्षांत त्याला हाकलूनही देतं. थोड्या बायकांमध्ये तो ठाण मांडून बसतो आणि मग पेशी बदलू लागतात. त्यात कोणाच्याही चारित्र्याचा प्रश्न नाही. सर्दीचा विषाणू नाकात शिरतो, हा तिथे शिरतो, एवढंच.

आणि शिरल्यापासून कॅन्सर व्हायला लागतात साधारण १५ ते २० वर्षं. एवढ्या काळात काहीही दुखत नाही. पण तपासलं तर दिसतं.

कमल रणदिवे आणि उस्मानाबादच्या बायका

या कथेत आपली मराठी माणसं कुठे आहेत, ते आता सांगतो.

१९५१ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स नावाची कृष्णवर्णीय बाई गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर उपचार घेत होती. तिच्या गाठीतल्या पेशी जॉर्ज गाय या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत गेल्या. तिला न विचारता, हेही सांगितलं पाहिजे. ती बाई त्याच वर्षी ३१ व्या वर्षी गेली. तिच्या पेशी मात्र बाटलीत विभागतच राहिल्या, साधारण चोवीस तासांत दुप्पट. 'हेला' नावाने त्या जगभर पोचल्या आणि आजही विभागत आहेत. त्यांच्यात एचपीव्ही १८ आहे. थांबणं विसरलेली पेशी कशी असते, याचं यापेक्षा ठळक उदाहरण नाही.

याच जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शरीराबाहेर पेशी वाढवण्याचं तंत्र शिकून आलेल्या एक बाई होत्या, डॉ. कमल रणदिवे. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७. माहेरच्या समर्थ, हुजूरपागेच्या विद्यार्थिनी. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली काम करून त्यांनी १९४९ साली डॉक्टरेट मिळवली, मग त्या बाल्टिमोरला गेल्या. तिथे राहिल्या नाहीत, परत आल्या आणि मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये भारतातली पहिली ऊती संवर्धन प्रयोगशाळा उभी केली. उंदरांवर स्तनाच्या कॅन्सरचा अभ्यास करून आनुवंशिकतेचा त्याच्याशी असलेला संबंध त्यांनी फार लवकर ओळखला. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं, २००१ साली त्या गेल्या. आपल्या मुलींना मेरी क्युरी ठाऊक असते, कमल रणदिवे नसतात. निदान आजपासून असू द्या.

दुसरी गोष्ट मराठवाड्यातली. उस्मानाबाद जिल्हा, म्हणजे आताचा धाराशिव. १९९९ च्या ऑक्टोबरात तिथे एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका त्यात होत्या. गावांचे ५२ गट केले आणि त्यांची चार भागांत वाटणी केली. तीन भागांत तीन वेगवेगळ्या तपासण्या, त्याही आयुष्यात फक्त एकदा. चौथ्या भागात तपासणी नाही, फक्त नेहमीची आरोग्यसेवा आणि माहिती. आठ वर्षं पाठपुरावा करून २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आकडे ऐका. एचपीव्हीची चाचणी केलेल्या भागात ३४ हजारांवर बायका होत्या. त्यांच्यात १२७ कॅन्सर सापडले. चाचणी न केलेल्या भागात ३१ हजारांवर बायका होत्या आणि ११८ कॅन्सर सापडले. म्हणजे साधारण सारखेच! मग फरक कुठे पडला? चाचणी केलेल्या भागात त्यातले पुढच्या टप्प्याला गेलेले होते ३९, तर दुसरीकडे ८२. मृत्यू इकडे ३४, तिकडे ६४. आजार तितकाच होता. फक्त आधी दिसला, म्हणून मृत्यू निम्म्यावर आले. आणि हे एका, फक्त एका चाचणीने.

चौथ्या भागातल्या बायकांना तपासणीविना ठेवलं, यावर पुढे टीकाही झाली, आणि ती समजण्यासारखी आहे. तो ६४ आकडा मला अजून डाचतो. आज जगभर ३० वर्षांपुढच्या बायकांनी एचपीव्हीची चाचणी करावी असं सांगितलं जातं, त्यामागच्या पुराव्यांत या मराठवाड्यातल्या शेतकरी, मजूर बायकांचा फार मोठा वाटा आहे. त्यांच्या नावाचा फलक कुठे नसेल, पण आपण त्यांचं देणं लागतो.

माझी आत्या

आता वीस वर्षांपूर्वीचं कारण.

माझी आत्या लातूर जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्यातली. २००५ ची दिवाळी. मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. आत्या दिवाळीला आमच्याकडे आली होती. चकल्या तळताना ती मधेच उठून पलंगावर जाऊन बसायची. कोणी विचारलं की म्हणायची, "काही नाही गं, दमले जरा." संध्याकाळी मी नव्या कॉम्प्युटरवर काहीतरी करत होतो. ती दारात येऊन उभी राहिली, आजूबाजूला कोणी नाही असं बघितलं आणि हळूच म्हणाली, "अरे, तुझ्या या कॉम्प्युटरवर बायकांच्या आजाराचं काही सांगतात का रे?"

मी अठरा वर्षांचा होतो. मला लाज वाटली. मी स्क्रीनवरून मान न वळवता म्हणालो, "आत्या, आईला विचार ना." ती "बरं" म्हणाली आणि गेली. आईला तिने विचारलं नाही.

पाळी बंद होऊन दोन वर्षं झाल्यावर तिला पुन्हा रक्त जात होतं. वर्षभराहून जास्त काळ तिने ते कोणालाच सांगितलं नव्हतं. 'या वयात असं चालायचंच' अशी स्वतःची समजूत घालून घेतली होती. संक्रांतीनंतर तपासलं तेव्हा तिसरा टप्पा होता. शेक दिले. २००६ च्या पावसाळ्यात ती गेली. ५२ वर्षांची होती.

पुढे अनेक वर्षांनी मी त्या उस्मानाबादच्या अभ्यासाबद्दल वाचलं आणि हिशेब केला. १९९९ साली आत्या ४५ वर्षांची होती. वयाने त्या तपासणीत बसली असती. लातूर आणि उस्मानाबाद शेजारचे जिल्हे. मधे फक्त जिल्ह्याची हद्द होती.

मी तेव्हा नीट उत्तर दिलं असतं तरी ती वाचली असती असं नाही, हे मला कळतं. पण ती निदान तीन महिने आधी डॉक्टरकडे गेली असती. आणि ती एकटी नसती.

दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट

दुसरं कारण सांगायला बायकोची परवानगी घेतली आहे. उलट तीच म्हणाली, "माझं नाव घेऊन सांग, म्हणजे बाकीच्या जातील तरी."

२०२३ साली इथे दोह्यात तिने पहिल्यांदा तपासणी करून घेतली. पहिल्यांदा, वयाच्या ३५ व्या वर्षी. त्याआधी वर्षभर मी मागे लागलो होतो आणि ती टाळत होती. मुलीची परीक्षा, मग सासूबाईंचा व्हिसा, मग गणपती. शेवटी गेली. एचपीव्ही १६ निघाला. मग कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीसारख्या यंत्राने पाहणं, आणि बायॉप्सी. रिपोर्टवर लिहिलं होतं: कॅन्सरपूर्व बदल, वरच्या श्रेणीचे. तिला काहीही त्रास नव्हता. एक दिवसही काही दुखलं नव्हतं.

रिपोर्ट आला त्या रात्री आम्ही दोघंही झोपलो नाही. त्या बदललेल्या पेशी काढायला मात्र लागली जेमतेम वीस मिनिटं. जागेवर भूल देऊन तारेच्या एका बारीक वेटोळ्याने तेवढा भाग काढला आणि संध्याकाळी ती घरी होती, दुसऱ्या दिवशी पोळ्या करू का म्हणून विचारत! मी बाहेरून मागवलं, हे नमूद करू इच्छितो. त्यानंतरच्या तपासण्या स्वच्छ आल्या आहेत. पुढेही ठरल्या वेळी करत राहायच्या आहेत.

त्या रात्री मला आत्या आठवली. तोच विषाणू, तोच पी-५३, तेच बंद पडलेले नाके. एकीला उशिरा कळलं, एकीला वेळेत. शरीरातले नाके बंद पडले तर बाहेरून एक नाका आपण उभा करू शकतो. त्यालाच तपासणी म्हणतात.

मग करायचं काय?

भाषणाच्या शेवटी उपदेश असतोच, पण मी थोडक्यात आटपतो.

एक, ३० वर्षांपुढच्या प्रत्येक बाईने आपल्या डॉक्टरांना एचपीव्ही चाचणी किंवा पॅप स्मिअरबद्दल विचारावं. एचपीव्ही चाचणी चांगली आली तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे पुढची पाच ते दहा वर्षांनी केली तरी पुरते. म्हणजे गाडीच्या 'फाहेस'पेक्षा सोपं! गाडी आपण वेळेवर नेतो, बायको स्वतःला नेत नाही.

दोन, मुली. लग्नाच्या कितीतरी आधी, ९ ते १४ वर्षांच्या वयात एचपीव्हीची लस सगळ्यात चांगली लागू पडते. लस विषाणूला आत शिरूच देत नाही, म्हणून ती आधीच घ्यायची. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने स्वतःची 'सर्व्हावॅक' ही लस २०२३ च्या जानेवारीत बाजारात आणली. सुट्टीत भारतात जाल तेव्हा किंवा इथल्या डॉक्टरांना विचारा. लस घेतली तरी मोठेपणी तपासणी सोडायची नाही.

तीन, कतारमध्ये 'स्क्रीन फॉर लाइफ' या कार्यक्रमात ४५ ते ६९ वयाच्या स्त्रियांची स्तनाच्या कॅन्सरसाठी आणि ५० ते ७४ वयाच्या स्त्री-पुरुषांची आतड्याच्या कॅन्सरसाठी तपासणी होते. हेल्थ कार्ड काढून पाकिटात ठेवलंय ना? मग वापरा. अल मन्सूराच्या मेट्रो स्टेशनवरून ग्रीन लाइन पकडली की चौथं स्टेशन हमद हॉस्पिटल. गाडी बदलावी लागत नाही. 'वेळ मिळत नाही' हे कारण निदान या इमारतीतल्या लोकांनी देऊ नये.

चार, पुरुष मंडळी. हसू नका. तंबाखू, मावा, सिगारेट यांतली रसायनं थेट डीएनएवर घाव घालतात. तोंडात तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला व्रण किंवा पांढरा चट्टा दिसला तर दाखवा. सुट्टीवरून येताना बॅगेत काय काय येतं ते मला माहीत आहे.

पाच, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. भारतात आपली आई आहे, सासूबाई आहेत, मावशी आहे. २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने सुमारे ८० हजार बायका गेल्या. शुक्रवारी फोन केला की आपण विचारतो, "तब्येत कशी आहे?" आणि त्या म्हणतात, "बरी आहे, तुम्ही जेवलात का?" इथेच संवाद संपतो. या शुक्रवारी एक वाक्य पुढे जा. पाळी गेल्यावर रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, घाण वासाचं पाणी जाणं, यातलं काही आहे का, ते स्पष्ट शब्दांत विचारा. सून विचारेल, मुलगी विचारेल. आणि दोघी नसतील तर मुलाने विचारावं. लाज पाच मिनिटं वाटते.

माझ्या आत्याने तो प्रश्न मला एकदाच विचारला होता. कॉम्प्युटरवर बायकांच्या आजाराचं काही सांगतात का? सांगतात, आत्या. तेव्हाही सांगत होते. मी बघितलं नाही.

मंडळी, चहा तयार आहे. आणि कोणाला काही विचारायचं असेल, तर सगळ्यांसमोर विचारलं पाहिजे असं नाही. माझी बायको आतल्या खोलीत बसली आहे. तिच्याकडे डॉक्टरांचा नंबर आहे.